एक थेंब सांडत नाही

लालबाग-परळच्या चाळीत, दादरच्या जुन्या इमारतीत, नाहीतर गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरात एक निवृत्त फिटरकाका असतातच. त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. पटाशी बोथट झाली असं त्यांच्यासमोर चुकून म्हणावं, की संध्याकाळ गेली. काय कापायचंय हे ते विचारत नाहीत. ‘धार कशावर लावता?’ एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता ओलं फडकं, त्यावर जुन्या खिडकीची काच, काचेवर वॉटरपेपर आणि या सगळ्याखाली स्वयंपाकघरातून पळवलेली परात अशी मांडामांड करून जाहीर करतात, ‘बघा, एक थेंब सांडत नाही!’

हे खूळ खरंच, पण त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. धार लावायची म्हणजे पोलाद झिजवायचं, आणि झिजलेलं पोलाद कुठेतरी जाणारच. पाणी किंवा तेल घातलं नाही तर तो चुरा दगडात बसतो आणि हत्यार नुसतं घसरत राहतं. घातलं तर काळा राडा. तेलाचा डाग ओट्यावरून हटत नाही. पाण्याच्या दगडाचा तर स्वतःचाच चिखल होतो, वर मधोमध खळगा पडतो. मग माणूस आज-उद्या करतो आणि शेवटी बोथट पटाशीवर जोर देऊन अंगठा फाडून घेतो. काकांचं भांडण या टाळाटाळीशी आहे. काचेवरचा वॉटरपेपर सपाट राहतो, झिजला की गुंडाळून टाकता येतो. डायमंड प्लेटला चार थेंब पाणी पुरतं आणि खळगा पडत नाही. पटाशी चाकाच्या गाइडमध्ये अडकवली की पंचवीस-तीस अंशांचा कोन हलत नाही. दोन मिनिटांत मांडता आलं तर धार वेळच्या वेळी लागते. परात मात्र वेळच्या वेळी परत जात नाही.

यावर कुणी म्हणेल, सायकलवरचा धारवाला काय वाईट? कात्री-सुरीला उत्तम. पण पटाशीला लागते सरळ, सपाट धार. कोरड्या, वेगात फिरणाऱ्या चाकावर जरा जास्त वेळ धरली की पातं निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: एवढ्या धारेने काका कापतात काय? काही नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्या पटाशीने लाकूड पाहिलेलं नाही.

तरी या टापटिपीचं मूळ शोधलं तर हसू जरा आवरतं. गिरणीत धारेला मान होता. कार्डिंग खात्यात पिंजणाऱ्या तारा बोथट झाल्या की त्यांना एमरीच्या रोलरने धार देणारा कामगार वेगळा असे. वर्कशॉपात बेंच, व्हाइस, ग्राइंडर. तेल सांडलं तरी जमीन गिरणीची. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि फिटरचं वर्कशॉप दहा बाय बाराच्या खोलीत आलं. तिथे त्याच फरशीवर स्वयंपाक, अभ्यास आणि अंथरुणं. सांडलेला थेंब कुणाच्या ताटात नाहीतर वहीवरच पडणार. थेंब न सांडण्याच्या अटीवर हत्यारं घरात राहिली.

आणि मान्य करायला जड जातं, पण गणपतीच्या तोंडावर अख्ख्या मजल्याला काकांचीच आठवण येते. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखराला पुठ्ठा नि लाकूड आलं. कात्र्या, विळ्या, पटाश्या त्यांच्या दाराशी रांग लावतात. पैसे ते घेत नाहीत, भाषण तेवढं ऐकवतात. घरातला नातू मात्र सुरी बोथट झाली की मोबाइलवरून नवी मागवतो. काका ती खोक्यातून काढतात, नखावर टेकवून पाहतात, ‘कंपनीची धार!’ एवढंच म्हणतात आणि सुनेकडे वाटीभर पाणी मागतात.