काखेत कळसा, हवाईला वळसा

मधुचंद्राचा शास्त्रीय नियम एकच आहे. आपल्याकडे जे हवामान नाही, ते पैसे मोजून उपभोगायला जायचं. घामाघूम मुंबईकर पिढ्यानपिढ्या माथेरान-महाबळेश्वर करत आले. पगार वाढले तशी उटी आली, मग सिमला-मनाली आली. भाड्याचा काश्मिरी पोशाख चढवून आणि खांद्यावर कागदी फुलांची टोपली घेऊन फोटो काढल्याशिवाय लग्न कायद्यानं पक्कं होत नाही, अशी आमच्या पिढीची प्रामाणिक समजूत होती. नवरा माकडटोपीत, बायको स्वेटरवर मंगळसूत्र काढून. दोघंही कुडकुडतायत, आणि त्यालाच सुख म्हणायचं.

अमेरिकेत आल्यावर नियम तोच राहतो, फक्त दिशा उलटी होते. इथला मराठी नवरदेव थंडीला इतका विटलेला असतो, की त्याला कुणी चंद्रावर नेतो म्हटलं तर तो आधी विचारील, तिथं ऊन किती असतं? दर लग्नसराईत मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न येतोच: ‘उबदार, निवांत ठिकाण सुचवा.’ यंदाही आलाय. म्हणून आमच्या भाच्याची गोष्ट सांगणं भाग आहे.

भाचा मूळचा गुहागरचा. घरामागं माडा-पोफळीची वाडी, वाडीमागं समुद्र. हे सगळं सोडून तो नोकरीला लागला बफेलोत. तिथं ईरी सरोवरावरून वारा येतो, येताना बर्फ घेऊन येतो आणि तो भाच्याच्या गाडीवर ठेवून जातो. लहानपणी वाळूत किल्ले केले, त्याच हातांनी आता रोज सकाळी फावड्यानं गाडी शोधायची.

लग्न ठरलं नागपूरच्या मुलीशी, डिसेंबर २०२३ मध्ये. नाताळची सुट्टी आणि धनुर्मास नेमके एकाच वेळी येतात, ही परदेशस्थ मराठी माणसाची जुनीच अडचण. गुरुजींनी भाच्याच्या रजेकडे बघून काढीव मुहूर्त काढून दिला. रजा तीन आठवड्यांची. पहिला आठवडा झोपेचं वेळापत्रक बसवण्यात आणि शालूत गेला. दुसरा नागपुरात लग्नात. तिसऱ्या आठवड्यात गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, घरी सत्यनारायण आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसाची मुलाखत. पुरावा म्हणून अख्खा अल्बम नेला होता. तो कुणी उघडायलाही सांगितला नाही, हे आमच्या ताईला फार लागलं. एवढे पैसे फोटोग्राफरला मोजले होते!

या सगळ्यात मधुचंद्र राहून गेला. भाच्यानं तो पुढच्या तिमाहीत ढकलला. आता अमेरिकेत रजेचं असं आहे की १९३८ च्या कामगार कायद्यानं किमान वेतन ठरवलं, जादा कामाचा मोबदला ठरवला. पगारी रजेबद्दल मात्र तो कायदा अवाक्षर काढत नाही. रजा म्हणजे कंपनीची मेहेरबानी. भाच्याच्या खात्यावर उरले होते तीन दिवस. त्याला फेब्रुवारीतला राष्ट्राध्यक्ष दिनाचा सोमवार आणि मागचे शनिवार-रविवार जोडले की झाले सहा. वॉशिंग्टनच्या नावाची सुट्टी आमच्या भाच्याच्या संसाराला अशी कामी आली.

नागपूरच्या सूनबाईंना मात्र ऊन ही पैसे देऊन बघायची वस्तू आहे, हेच पटेना. मला फोनवर म्हणाली, ‘‘मामा, उन्हासाठी कोणी विमानात बसतं का? आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री घरपोच मिळते.’’ बफेलोत उतरल्यावर पहिला बर्फ पाहून ती अंगणात नाचली. नवव्या दिवशी ओले केस घेऊन कचरा टाकायला बाहेर गेली आणि वेणी काडीसारखी कडक झाली. दहाव्या दिवशी तिनं जाहीर केलं, ‘‘कुठंही ने. फक्त जिथं पायमोजे घालावे लागत नाहीत, तिथं ने.’’ उबदार स्थळाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही प्रवासी कंपनीच्या जाहिरातीत वाचलेली नाही.

मग समिती बसली. समितीत अर्थातच नवराबायको सोडून सगळे होते.

पहिली सूचना नायगराची. अमेरिकेतल्या मराठी माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर नायगरा असतं. या खेपेला त्याला इतिहासाचाही आधार होता. ज्यांनी पुढं द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला गोळी घातली, त्या आरन बर यांची मुलगी थिओडोशिया १८०१ साली लग्नानंतर नायगराला गेली. पाठोपाठ नेपोलियनचा धाकटा भाऊही नवी बायको घेऊन तिथं गेला असं सांगतात. तेव्हापासून ते जगाच्या मधुचंद्राची राजधानी म्हणवून घेतं. आणि ही राजधानी बफेलोपासून अर्ध्या तासावर! काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण भाचा म्हणाला, ‘‘मामा, भारतातून आलेले पाहुणे धरून मी चौदा वेळा तिथं गेलोय. माझ्यासाठी तो धबधबा नाही, ड्यूटी आहे.’’ शिवाय फेब्रुवारीत नायगराच्या तुषारांचा बर्फ होऊन झाडं-कठडे पांढरेफटक पडतात. पायमोज्यांच्या परीक्षेत नायगरा नापास झाला.

दुसरी सूचना आम्हा न्यू जर्सीकरांची: पोकोनो. पेनसिल्व्हेनियातली ही टेकाडं म्हणजे आमचं लोणावळा. तिथं १९६३ साली मॉरिस विल्किन्स नावाच्या एका माणसानं, जो पूर्वी पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होता, बदामाच्या आकाराचा आंघोळीचा टब बनवला आणि अमेरिकेतल्या नवविवाहितांची रीघ लागली. पुढं त्यानंच सात फूट उंच शॅम्पेनच्या प्याल्यात बसायची सोय केली. त्याच टेकाडांत, सेलर्सबर्ग गावी, स्वामी दयानंद सरस्वतींनी १९८६ मध्ये आर्ष विद्या गुरुकुल काढलं. म्हणजे सकाळी वेदान्त, संध्याकाळी बदामी टब. चारही पुरुषार्थ एका पिनकोडच्या आसपास. ताईला गुरुकुल आवडलं. भाच्याला टब आवडला. सूनबाईंनी हवामान पाहिलं. शून्याखाली चार. पोकोनो बाद.

तिसरी सूचना कॅनकूनची. स्वस्त, जवळ, ऊन भरपूर. अमेरिकेचा ताजा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिको वेगळा व्हिसाही मागत नाही. भाच्यानं तिकिटं जवळजवळ काढली, आणि कंपनीच्या वकिलाला सहज एक ईमेल टाकला. उत्तर आलं: ‘कायद्यानं जाता येतं. मात्र गरज नसेल तर देशाबाहेर प्रवास टाळावा.’ आता मधुचंद्र ही गरज आहे की नाही, हे वकिलाला विचारायचं कुणी? आणि वकिलानं तासाच्या दरानं उत्तर दिलं, तर बिल कुणाच्या नावावर?

तेव्हा आम्ही त्या वकिलाला हसलो होतो. पुढं १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि सुट्टीवर निघालेली माणसं विमानात बसलेली उठून खाली उतरली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. पण तोवर किती जणांचे मधुचंद्र विमानतळाच्या बाकावर साजरे झाले, याची नोंद कुठल्याही खात्याकडे नाही. तेव्हापासून मी त्या वकिलाला हसत नाही.

तर देश सोडायचा नाही, पण ऊन पाहिजे. नकाशात राहिल्या तीन जागा.

फ्लोरिडा: तिथं ऊन असतं, पण त्याचा भरवसा नाही. कडाक्याची थंडी पडली की झाडांवरचे इग्वाना, म्हणजे घोरपडीएवढे सरडे, गारठून टपाटप खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्यानं ‘आज रात्री झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर नवल मानू नका’ अशा अर्थाचा इशाराच दिला होता. ‘‘नव्या नवरीच्या अंगावर पाल पडली तरी पंचांग काढतो आपण,’’ ताई म्हणाली, ‘‘घोरपड पडली तर कुणाला विचारायचं?’’ फ्लोरिडा बाद.

पोर्तो रिको: बेट छान, व्हिसाची भानगड नाही. तिथल्या व्हिएकेस बेटावरच्या एका उपसागराचं पाणी रात्री हात घातला की निळं चमकतं; जगातलं सर्वांत तेजस्वी म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. आपल्या कोकणच्या लाटाही कधीमधी अशा चमकतात, पण त्याचं तिकीट नसल्यामुळं कुणी जात नाही. भाचा हरखला. मात्र दोन अडचणी निघाल्या. एक, त्या जागेचं नाव मॉस्किटो बे, म्हणजे डासांची खाडी. दुसरी, ती चमक नीट दिसते ती चंद्र नसलेल्या रात्री. ‘‘म्हणजे अमावास्येला?’’ गुहागरहून फोनवर ताईचा आवाज चढला. चंद्राविना मधुचंद्र, तोही डासांच्या खाडीत, तोही अमावास्येला. ठराव एकमतानं फेटाळला.

उरलं हवाई. १९५९ पासून पन्नासावं राज्य, म्हणजे व्हिसाच्या दृष्टीनं बफेलोचं भावंडच. कवाई बेटावर बंगळुरूजवळ घडवलेल्या दगडांचं शंकराचं देऊळ आहे हे कळल्यावर ताईनंही मंजुरी दिली. ते देऊळ भाचा जाणार त्या बेटांवर नाही, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

भाच्यानं एक्सेलमध्ये बेत आखला. सहा दिवसांतले दोन विमानांत. उरलेल्या चारांत दोन बेटं, अकरा पॉइंट आणि ‘निवांतपणा’ या नावाचा पाऊण तासाचा एक रकाना. महाबळेश्वरला टॅक्सीवाल्यानं बारा पॉइंट दाखवून परत आणलेल्या मराठी माणसाचा मुलगा आहे तो. पॉइंटशिवाय त्याला निसर्ग दिसतच नाही. त्यातल्या तीन दिवसांची रजा मंजूर होती. तरी मॅनेजर म्हणाला, ‘‘सकाळच्या मीटिंगला पाच मिनिटं डोकावून जा.’’ बफेलोचे सकाळचे नऊ म्हणजे होनोलुलूचे पहाटेचे चार. त्यामुळं मधुचंद्राच्या पहाटे नवरा न्हाणीघरात कमोडवर बसून दबक्या आवाजात काल काय केलं आणि आज काय करणार, ते टीमला सांगत होता. सुदैवानं त्यानं फक्त कामाबद्दलच सांगितलं.

माउई बेटावर सूर्योदयाचा पॉइंट होता. हालेआकाला नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर पहाटे जायला सरकारी संकेतस्थळावर आधी गाडीचं आरक्षण करावं लागतं, आणि ते मिळालं म्हणून भाचा परीक्षेत पहिला आल्यासारखा खूश होता. त्या माथ्याची उंची ३०५५ मीटर, म्हणजे कळसुबाईच्या जवळजवळ दुप्पट, हे त्यानं वाचलं नव्हतं. थंडीपासून साडेसात हजार किलोमीटर पळालेलं हे जोडपं पहाटे पाच वाजता हॉटेलची ब्लँकेटं पांघरून, दात वाजवत ढगांकडं बघत उभं होतं. सूनबाईंनी मला तिथून एकच फोटो पाठवला. सूर्याचा नव्हता. पायांचा होता. पायात मोजे होते, तेही दोन जोड.

शेवटचा दिवस दुसऱ्या बेटावरच्या वायकिकीचा. रात्रीचे चारशे डॉलर, वर ‘रिसॉर्ट फी’ नावाचा वेगळा आकार, ज्यात टॉवेल मोफत मिळतो. तिथं मात्र ऊन होतं, वाळू होती, डोलणारे माड होते आणि खुर्चीत पडून त्यांच्याकडं बघण्याखेरीज काही काम नव्हतं. एक्सेलमधला तो पाऊण तास अखेर उगवला. भाच्यानं माडाखाली सूनबाईंचा फोटो काढला आणि गुहागरला वडिलांना पाठवला.

भावोजींनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. सूनबाईंना वगळून वरचा भाग. लगेच फोन.

‘‘अरे, माडांना नारळ कसे नाहीत? रोग पडलाय का? गेंडा भुंगा?’’

भुंगाही तिथं आहे. २०१३ मध्ये तो त्या बेटावर शिरल्याचं लक्षात आलं. पण नारळ नसण्याचं कारण भुंगा नव्हे, वकील. नारळ एखाद्या पाहुण्याच्या डोक्यात पडला तर नुकसानभरपाईचा खटला उभा राहील, म्हणून ते वेळच्या वेळी माणसं लावून उतरवतात. चारशे डॉलरच्या खोलीतून माड दिसतो. नारळ पाहिजे तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन विकत घ्यायचा. भाच्यानं तसा तो घेतलाही, स्ट्रॉ आणि छत्रीसकट.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग भावोजी म्हणाले, ‘‘म्हणजे वर चढून नारळ उतरवायला तिकडं माणसं मिळतात?’’

‘‘मिळतात.’’

‘‘सांगितल्या वेळेला येतात?’’

‘‘येतात, बाबा.’’

‘‘मग त्यातल्या एखाद्याला विचार, इकडं येतो का. चार महिने झाले, आपल्या वाडीत चढायला माणूस नाही. नारळ आपले आपण पडतायत, आणि तुझी आई डोक्यावर पातेलं धरून तुळशीला पाणी घालतेय.’’

तर यंदाच्या नवरदेवांनो, ऊन, वाळू, माड, निवांतपणा आणि वर खराखुरा नारळ, सगळं गुहागरला आहे. पायमोजे लागत नाहीत. रिसॉर्ट फी नाही. खोली फुकट, जेवण ताईच्या हातचं. अट एवढीच की जोडप्यातल्या एकाला तरी माडावर चढता आलं पाहिजे. इच्छुकांनी रजा शिल्लक आहे की नाही ते बघून कळवावं.