जळक्या पॉपकॉर्नचा पंचनामा

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना स्वतःचे पोलीस असतात. वॉचमन नव्हेत, गणवेश, गाडी, बेड्या आणि बहुतेक ठिकाणी पिस्तूलसुद्धा बाळगणारे पुरते पोलीस. येल विद्यापीठाने न्यू हेवन शहरातले दोन शिपाई आवारात आणून बसवले ते १८९४ साली, तेव्हापासूनची ही चाल. एवढ्या जामानिम्यानिशी हे लोक दिवसभर करतात काय, हे त्यांच्या रोजच्या नोंदवहीत कोणालाही वाचता येते, आणि वाचून झाल्यावर पिस्तूल नक्की कोणावर रोखायचे हा प्रश्न पडतो. नोंदी साधारण अशा असतात : वसतिगृहात धुराचा भोंगा वाजला, मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जळाल्याचे निष्पन्न. ग्रंथालयाबाहेरून सायकल चोरीस. कुलूप लावलेले नव्हते. जिन्यात इसम निपचित; झोपला होता, उद्या परीक्षा असल्याचे सांगतो. मोठ्याने गाणी, समज देऊन सोडले. खोलीत खार शिरली. पथक पोचण्यापूर्वी सदर खार पसार. मधूनमधून रुग्णवाहिका धावते : पाय मुरगळला, चक्कर आली, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री हमखास ‘वय २१ च्या आत, मद्यप्राशन, उलट्या’. भोंग्यांच्या खात्यात आपल्या मंडळींचाही वाटा असणारच. तेलात मोहरी-मिरची पडली की फोडणी कुठली आणि आग कुठली, हे त्या यंत्राला समजत नाही.

यावर हसावे, जरूर हसावे. पण माझे म्हणणे असे, की ज्या विद्यापीठाच्या वहीत असल्या फुटकळ नोंदी भरपूर, तिथे मूल पाठवताना आई-बापांनी जरा कमी काळजी करावी; आणि जिथली वही कोरी, तिथे दोनदा विचार करावा. या वहीचा जन्म मुळीच विनोदी नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्याच वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी दारे कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. आवारात आधी काय काय घडले होते हे कोणी आम्हाला सांगितलेच नाही, हे तिच्या आई-वडिलांचे गाऱ्हाणे. त्यांनी ते लावून धरले आणि १९९० मध्ये कायदा झाला. १९९८ मध्ये त्याला जीनचे नाव मिळाले आणि रोजच्या वहीचे कलमही आले. गुन्हा कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत नोंद झाली पाहिजे आणि गेल्या साठ दिवसांची वही कचेरीच्या वेळेत मागेल त्याला दाखवली पाहिजे. कायद्याला हवे असतात फक्त गुन्हे. पण अनेक ठाण्यांनी आजारपणे, भोंगे आणि खारीही त्याच वहीत घेतल्या. सवय लागली की हात आखडत नाही, आणि पॉपकॉर्न लपवत नाही तो चाकूही लपवणार नाही, एवढा तरी भरवसा वाटतो.

नोंदी जास्त म्हणजे गुन्हे जास्त, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण कॉर्नेल विद्यापीठाचा दाखला पाहा. अमेरिकेत २१ वर्षांखाली दारू पिणे बेकायदा, त्यामुळे मित्र बेशुद्ध पडला तरी पोरे फोन करायला कचरत. त्याच्याबरोबर आपणही अडकू ही भीती. २००२ च्या सुमारास विद्यापीठाने ठरवले, की मदत मागणाऱ्यावर शिस्तीची कारवाई करायची नाही. फोन वाढले. दारू पिणे वाढल्याचे मात्र अभ्यासात दिसले नाही. म्हणजे आकडा वाढला तो भरवशाचा. उलट टोक व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाचे. तिथे गुन्हे कमी दाखवल्याचे आणि शिस्तीच्या धाकाने पीडितांनी तोंड न उघडल्याचे तपासात आढळले. २०२४ मध्ये एक कोटी चाळीस लाख डॉलर दंड झाला. कोरा कागद एवढा महाग क्वचितच पडतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा : खारीमागे सरकारी गाडी कशाला? याला उत्तर एवढेच, की गाडी तशीही उभीच असते. तिसरा आक्षेप अब्रूचा. पण वहीत घटनेचे स्वरूप, वेळ, ढोबळ जागा आणि निकाल एवढेच लागते. उलट्या करणाऱ्याचे नाव त्याच्या आईला तरी वहीतून कळत नाही. चौथा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०१८ मध्ये येलमध्येच एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत अभ्यास करता करता झोपली, तर एका गोऱ्या विद्यार्थिनीने पोलीस बोलावले. आपण इथेच राहतो हे त्या मुलीला ओळखपत्र दाखवून सिद्ध करावे लागले. किरकोळ कारणाला पोलीस बोलावण्याची सवय कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, हे खरेच. तो दोष वही मिटून जाणार नाही. पण कोण कोणावर उगाच फोन करतो, याचा हिशेब काढायचा तर आधी तो फोन कुठेतरी लिहिलेला हवा.

आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला. तरी आवारातला साधा फोन कुठे लिहायचा, हा प्रश्न रेक्टर, वॉचमन आणि ‘ही आमची हद्द नाही’ म्हणणारे ठाणे यांच्यात टोलवला जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या संस्थाचालकांचे आवडते अर्थशास्त्र. संस्थेची बदनामी होईल, हा त्यांचा आक्षेप दुसऱ्याच्या वह्या बघून नाहीसा होणार नाही. तो एकाच गोष्टीने होईल : महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अशा वहीला गुण ठेवावेत. मग समिती यायच्या आदल्या आठवड्यात भिंतींना रंग लागेल, कुंड्या भाड्याने येतील, मागल्या तारखांच्या सायकलचोऱ्या एकटाकी लिहून निघतील आणि मेसच्या मामांना प्राचार्यांचे लेखी पत्र जाईल, की प्रत्येक मजल्यावर निदान एक पॉपकॉर्नचे पाकीट जाळून अहवाल तीन प्रतींत सादर करावा.