चार तासांचा सरखेल

सिडनीत राहणारा एखादा भाचा, मेहुणा किंवा वर्गमित्र आता बहुतेक मराठी घरांना असतो, आणि त्याने पाठवलेला तो फोटोही असतो. फोटोत ऑपेरा हाउस नसते. वालुकाश्माचे कडे, त्यांवर निलगिरीची झाडी आणि खाली हिरवे, निवांत पाणी असते. त्यामुळे पुण्यातली आत्या फोटो पाहून ‘पानशेतला कधी आलास रे?’ असे विचारते. पुढे ॲल्युमिनियमची लहानशी होडी, तीत चिवड्याचा डबा, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेटांत आवळून बसवलेली दोन मुले, आणि हा. त्याचा एक हात सुकाणूवर असतो, दुसऱ्या हाताची तर्जनी जिभेवर ओली करून हवेत धरलेली. वाऱ्याची दिशा पाहणे चालू आहे. होडीला शीड नाही. मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन आहे आणि ते वाऱ्याला विचारून चालत नाही. तरीही भाड्याच्या चार तासांत ती तर्जनी वरचेवर वर जाते, क्षणभर थांबते, आणि तो ‘ईशान्य’ असे जाहीर करतो. बायको ‘बरं’ म्हणते आणि सँडविच सोडते. या माणसाची चेष्टा करायला माझी अजिबात हरकत नाही. पण ‘फुकटचा रुबाब, दुसरं काय!’ असा जो निकाल त्याच्याबद्दल लोक देतात, तो मात्र पुराव्यावर टिकत नाही.

पुरावा न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात आहे. त्या राज्यात दहा नॉट किंवा त्याहून जास्त वेगाने यांत्रिक होडी हाकायची असेल तर परवाना लागतो. त्याहून कमी वेगाने हाकायची असेल तर लागत नाही. दहा नॉट म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर. एवढ्या एका सवलतीवर सिडनीतला स्वतः चालवायच्या होड्यांचा धंदा उभा आहे. अनामत घेतात, ओळखीपुरते एखादे कार्ड बघतात, गिअर कुठे, नांगर कुठे, जायचे कुठवर हे सांगतात आणि दोरी सोडतात. ‘तुला होडी येते का?’ असे कुणी विचारत नाही. आता हा माणूस त्या धक्क्यापर्यंत कसा पोचलेला असतो ते पाहा. इंग्रजीची परीक्षा दिली, पदवीचे मूल्यांकन करून घेतले, पोलिसांचा दाखला मिळवला, छातीचा एक्स-रे काढला; वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण जोडून किमान 65 भरतात का ते पुन्हा पुन्हा मोजले. तिथे उतरल्यावर बँकेत ओळख पटवायला पुन्हा शंभर गुणांची कागदपत्रे. भाड्याच्या घरासाठी आधीच्या घरमालकाचे पत्र, जो नाशिकला असतो आणि पत्र लिहीत नाही. गाडी पंधरा वर्षे चालवलेली असली तरी परीक्षा नव्याने. शेवटी नागरिकत्वाचे वीस प्रश्न. इतकेच काय, याच होडीतून गळ टाकायचा तर मासेमारीचे शुल्क भरून त्याची पावती लागते, आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला मासा लागलाच तर तो खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे, कारण तिथल्या गाळात जुन्या कारखान्यांचे डायॉक्सिन साठले आहे. म्हणजे त्या देशात मासा पकडायला कागद लागतो, पण समुद्रावर नेतृत्व करायला लागत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती ओली तर्जनी हा ज्ञानाचा आव नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी कागद न मागता काहीतरी हाती दिले, त्या आनंदाला दुसरे काही करून दाखवता येत नाही म्हणून ती वर जाते.

हे लक्षात घेतले की त्याची बाकीची लक्षणेही नीट लागतात. उदाहरणार्थ, सिडनी बंदराच्या मिडल हार्बर नावाच्या फाट्यावरचा द स्पिटचा पूल. 1958 साली बांधलेला हा पूल ठरलेल्या वेळी रस्ता अडवून उचलला जातो, कारण उंच डोलकाठ्यांच्या नौका त्याखालून जाऊ शकत नाहीत. आपल्या या सरखेलाची, म्हणजे हौशी आरमारप्रमुखाची, होडी बंद पुलाखालून निर्वेध जाते, तिच्यात माणूस उभा असला तरी. पण तो थांबतो. पूल उघडेपर्यंत तिथल्या तिथे गोल गोल फिरतो, घड्याळ पाहतो, तर्जनी वर करतो, आणि मोठ्या नौका जाऊ लागल्या की त्यांच्या मागोमाग, पुलावर खोळंबलेल्या मोटारींकडे कृपादृष्टी टाकत, रांगेने पार होतो. एरवी रोज सकाळी याच पुलावर तो मोटारीत खोळंबलेला असतो. किंवा त्याचा इतिहास घ्या. 1770 साली जेम्स कुकने या बंदराला बाहेरूनच नाव दिले आणि आत न शिरता तो पुढे गेला, हे तो असे सांगतो जणू कुकला पार्किंग मिळाले नाही. 1788च्या जानेवारीत आर्थर फिलिप बॉटनी बे सोडून इथे आला, ते मात्र त्याला पटलेले असते. मग मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे येतात. ते या कहाणीत कसे येतात ते कुणाला कळत नाही, पण न आले असे होत नाही. क्लाँटार्फचा किनारा दिसला की 1868 साली इथल्या सहलीत राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला, प्रिन्स आल्फ्रेडला, गोळी लागली ही हकिगत निघते. मुलांना ती खरी वाटत नाही, पण ती खरी आहे. तो वाचला, दोन वर्षांनी मुंबईला आला, आणि त्याच्या नावाने तिथे खलाशांसाठी बांधलेल्या वास्तूत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. एवढा धागा जुळला की सरखेल कृतकृत्य होतो. त्या भरात सुकाणू सुटते.

यावर पहिला आक्षेप हिशेबी माणसांचा असतो. चार तासांच्या होडीच्या भाड्यात अख्खे कुटुंब सरकारी फेरीने बंदर कितीतरी वेळा पाहील, आणि फेरी चालवणारा शिकलेला असेल. आक्षेप तिकिटापुरता बरोबर आहे, बंदरापुरता चूक. हे बंदर म्हणजे वालुकाश्मात नदीने कोरलेली दरी. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा ती बुडाली, आणि तिला मिळणारा प्रत्येक ओढा पाण्याची एक एक फांदी होऊन बसला. म्हणून पाण्याचे क्षेत्र जेमतेम 55 चौरस किलोमीटर आणि काठ मात्र 200 किलोमीटरांहून जास्त. फेरी एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याला जाते. ती यांतल्या बहुतेक फांद्यांत शिरत नाही, शिरायचे तिला कारणही नाही. मॅनलीची फेरी तर मिडल हार्बरच्या तोंडावरून सरळ निघून जाते. आत बँट्री बेसारखी जागा आहे, जिथे 1970च्या दशकापर्यंत शहराचा दारूगोळा लोकवस्तीपासून लांब साठवत असत. त्या कोठारांच्या विटांच्या भिंती झाडीत अजून उभ्या आहेत आणि त्या पाण्यावरून उत्तम दिसतात. बंदर बघायचे तर संथपणे, काठाकाठाने, प्रत्येक वळणावर ‘पुढे काय असेल’ म्हणत बघावे लागते. दहा नॉटच्या आतला वेग ही शिक्षा वाटते, पण या भूगोलाला तोच वेग शोभतो. आणि रस्ता चुकला की फांदीच्या टोकाला नेऊन पोचवणारा माणूस, म्हणजे आपला सरखेल, या कामाला फेरीच्या कप्तानापेक्षा सरस आहे. तो चुकतोच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. ज्याला होडी येत नाही त्याच्या हाती ती देणे धोक्याचे नाही का? थोडे आहेच. ऑस्ट्रेलियात रस्त्यावर डावीकडून जातात आणि पाण्यात उजवीकडून. जन्मभर आधी पुण्यात आणि मग सिडनीत डावी बाजू धरलेला माणूस दोन वाक्यांच्या सूचनेने उजवीकडे वळत नाही. शिडाच्या नौकेला वाट द्यायची असते, आणि नारिंगी चौकट लावलेल्या फेरीला शिडाच्या नौकेनेही. शनिवार-रविवारी शर्यतीची शिडे थव्याने येतात, तेव्हा हा त्यांच्यामध्ये, ईशान्य शोधत. होडीला ब्रेक नसतो हे ज्ञान धक्का जवळ आल्यावर होते. नांगराचे तर विचारूच नका: पाणी खोल जेवढे, तेवढाच दोर सोडून तो नांगर उभा लोंबकळत ठेवतो. दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडला तर नांगर आडवा होऊन तळ धरतो. याचा धरत नाही. मग होडी हळूच मागे सरकू लागते, आणि जेवणाऱ्या मंडळींना वाटते की किनारा चालला. मुक्कामाला सरकारने गुलाबी बोये मोफत ठेवलेले आहेत, तळाचे समुद्री गवत नांगराने उखडू नये म्हणूनही. पण बोयाला दोरी बांधण्यात कसले आले आरमार?

इथे मला सरखेलाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते, थोडी नाइलाजाने. नांगर टाकताना आणि धक्क्याला लागताना वाऱ्याची दिशा खरोखरच महत्त्वाची असते. आणि उन्हाळ्यात या बंदरावर दुपारी बहुतेक वेळा ईशान्येचाच वारा येतो. म्हणजे त्याचे निदान बरोबर होते, वेळ तेवढी चुकली. भर पाण्यात, जिथे वाऱ्याशी संबंध नाही, तिथे तर्जनी वर. धक्का जवळ आला की दोन्ही हात सुकाणूवर आणि वारा विसरलेला. कधी कधी दक्षिणेचा थंड वारा, ज्याला तिथे सदर्ली बस्टर म्हणतात, काही मिनिटांत चढून येतो, तापमान धाडकन उतरते आणि पाणी फुटते. म्हणूनच भाड्याच्या नकाशावर एक रेघ मारलेली असते आणि तिच्यापुढे, खुल्या समुद्राच्या तोंडाकडे, जायचे नसते. ही रेघ उगाच नाही. 1857 साली ‘डन्बार’ नावाचे जहाज रात्री वादळात या बंदराचे तोंड हुकले आणि कड्यावर आदळले. 121 माणसे गेली, एक वाचला. त्या जहाजाचा कप्तान जाणता होता. जाणत्याला जिथे अंदाज आला नाही, तिथे अजाणत्याला न जाऊ देणे, आणि बाकी सगळीकडे संथपणे जाऊ देणे, ही व्यवस्था मला कुठल्याही परवान्याइतकीच शहाणी वाटते. परवाना माणसाला एकदाच तपासतो. वेगाची मर्यादा त्याला दर मिनिटाला आवरते.

उरला तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत बोचरा: हे सगळे नाटक आहे. खरा दर्यावर्दी वेगळाच. अगदी खरे. इंग्रज आले तेव्हा या पाण्यावर गडिगल आणि आसपासच्या मूळनिवासी लोकांच्या बायका झाडाच्या सालीच्या नावांतून मासेमारी करीत, नावेतच मातीच्या थरावर विस्तव पेटता ठेवून, बरोबर मूल घेऊन. त्यांतल्या बारंगारू या कॅमरेगल जमातीच्या बाईचे नाव आता शहराच्या एका चकचकीत भागाला दिले आहे, जिथल्या घरांचे भाव ऐकून आपला सरखेल होडी वळवतो. त्या बायकांपुढे याचे कसब शून्य. पण नाटक करायची जागा तरी त्याला कुठे मिळाली असती? मुंबईही नैसर्गिक बंदरच आहे. तिथे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये तो लहानपणी आईच्या मांडीवर बसला असेल, गेटवेवरून घारापुरीला गेला असेल. खलाशी दोरी फेकताना त्याने डोळे फाडून पाहिले असेल. सुकाणूला हात लावलास तर बघ, एवढाच त्याचा समुद्राशी झालेला संवाद. आपल्याकडे समुद्र कोळ्यांचा, नौदलाचा, बंदर प्राधिकरणाचा. मध्यमवर्गाच्या वाट्याला कठड्यावर बसून शेंगदाणे. कान्होजींवर तासभर बोलणाऱ्या समाजात पाण्यावर वल्हे मारलेली माणसे किती, हा प्रश्न कठड्यावरच्या कुणी विचारत नाही. हा निदान, चाळिशी उलटल्यावर आणि परक्या पाण्यात, दोर कसा सोडावा हे चुकून चुकून शिकतो आहे.

आणि त्याच्या रुबाबाला एक अपवाद असतो, तो मात्र फोटोत येत नाही. डिसेंबरात आई-बाबा भारतातून येतात. त्यांच्या व्हिसासाठी पेन्शनचे कागद, बँकेचे तपशील, परत नक्की जाणार हे पटवून देणारे पत्र, सगळे त्यानेच रात्री जागून भरलेले असते. बहात्तर वर्षांच्या माणसाला ‘परत जाणार ना’ असे विचारणारा तो फॉर्म भरताना त्याला काय वाटले ते तो सांगत नाही. मग एका रविवारी द स्पिटपासून होडी निघते. पाणी रुंद झाले की तो उठतो आणि बाबांना सुकाणूवर बसवतो. बाबांनी आजवर बजाजच्या स्कूटरपलीकडे काही चालवलेले नाही. ते चष्मा पुसतात, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरतात आणि चार नॉटने निघतात. सरखेल शेजारी उभा राहून फक्त एवढेच म्हणतो, ‘बाबा, पाण्यात उजवीकडून जायचं असतं.’ ‘तू गप्प बस रे,’ असे म्हणून बाबा डावी बाजू सोडत नाहीत, आणि समोरून येणारी शिडाची नौका, नियमाने वाट तिची असूनही, मुकाट्याने वळते.