सॅटर्न फाइव्ह नापास

रॉकेट उडवणं अगदी सोपं असतं, हे दर दिवाळीत गल्लीतली पोरं सिद्ध करतात. रिकामी बाटली, उदबत्ती आणि जळकी काडी कुणाच्या गॅलरीत पडली याची चौकशी न करण्याचा शहाणपणा, एवढं भांडवल पुरतं. अमेरिकेत मात्र माणसाहून उंच रॉकेटं हौसेखातर उडवणारी, घरदार आणि कर्जाचे हप्ते सांभाळणारी प्रौढ मंडळी आहेत. माझं म्हणणं असं, की या मंडळींचा खरा छंद उडवलेलं रॉकेट धडपणे परत मिळवणं हा आहे. उडवणं त्यांना त्यासाठी नाइलाजाने करावं लागतं.

पुरावा त्यांच्याच नियमांत सापडतो. ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशनसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात, आणि त्याशिवाय मोठी मोटर हाती पडत नाही. मोटरींना इंग्रजी अक्षरं आहेत. प्रत्येक पुढच्या अक्षराला आधीच्या दुप्पट ताकद. पहिली पायरी एच आणि आयची, तिसरी एमपासून पुढची. परीक्षा म्हणजे स्वतः बांधलेलं रॉकेट उडवून दाखवायचं. पण ते किती उंच गेलं याला गुण नाहीत! पॅराशूट उघडलं का, एखादा भाग सुटा होऊन कुणाच्या डोक्याच्या दिशेने आला का, आणि उतरलेलं रॉकेट पुन्हा उडवण्याजोगं उरलं का, यावर निकाल लागतो. या निकषावर नासाचं सॅटर्न फाइव्ह पहिल्याच पायरीवर नापास होतं. ११० मीटरचा तो मनोरा. त्यातला परत आला तो माणसं बसलेला शंकू. अपोलो ११च्या वेळी खालचे दोन टप्पे अटलांटिकमध्ये बुडाले आणि तिसरा अजून सूर्याभोवती फिरतो आहे. याउलट ओहायोचे स्टीव्ह ईव्हज. मोटारींच्या बॉडीची कामं करणारा हा गृहस्थ. त्याने याच सॅटर्न फाइव्हची एक दशांश प्रतिकृती बांधली. उंची ३६ फूट, वजन साडेसातशे किलोच्या घरात, मोटरी नऊ. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडमधल्या एका शेतावरून ती ४,४०० फुटांवर गेली आणि पॅराशूटांना लटकून खाली आली. पास!

यावर कुणी म्हणेल, अहो, ते चंद्रावर गेले होते, हा गाव ओलांडूनही गेला नाही. मान्य. पण तुम्ही कुठे जाऊन आलात हे नियमावली विचारतच नाही, सामान परत आणलंत का एवढंच विचारते. आणि हा प्रश्न बावळट नाही, हे पुढे व्यावसायिकांनीही कबूल केलं. डिसेंबर २०१५मध्ये फाल्कन ९चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. हौशी मंडळींच्या क्लबात रॉकेट परत आणणं ही परीक्षेची किमान अट होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खाली तर दगडही येतो, त्यात कसब कसलं? कसब असं, की मोठं पॅराशूट शिखरावरच उघडलं तर वारा रॉकेटला तालुका बदलून नेतो. अजिबात उघडलं नाही तर नाक जमिनीत रुततं. या प्रकाराला हौशी लोक ‘कोअर सॅम्पल’ म्हणतात, म्हणजे मातीचा नमुना काढला. म्हणून वर छोटं पॅराशूट, आणि पाचशे-हजार फूट उरले की मोठं. ‘आता शिखर आलं’ हे ओळखतो आत बसवलेला अल्टिमीटर, हवेच्या दाबावरून. दाब घटायचा थांबून वाढू लागला की तो काही ग्रॅम काळी दारू पेटवतो आणि रॉकेट मधून दुभंगतं. तिसऱ्या पायरीला ही सगळी व्यवस्था दुहेरी लागते: दोन अल्टिमीटर, दोन बॅटऱ्या, दारूच्याही दोन पुड्या. वर जाण्यासाठी एक मोटर पुरते, खाली येण्यासाठी मात्र कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. एवढं करून नेव्हाडातल्या ब्लॅक रॉकसारखं सपाट, कोरडं तळं गाठायचं, कारण तिथे रॉकेट निदान दिसतं. उभ्या मक्यात पडलं तर जीपीएस लावलेला असूनही माणूस रॉकेटच्या शेजारून तीनदा जातो.

लोक आग बघायलाच जमतात, हे खरंच आहे. ती आग काही सेकंदांची असते. पुढचा सगळा वेळ मालक मान वर करून ‘उघड, उघड’ असं पुटपुटत उभा असतो. तेव्हा कुणी अशा उड्डाणाचा व्हिडिओ दाखवला तर शेवटपर्यंत बघा. तो रॉकेट वर जातानाच संपत असेल, तर दाखवणाऱ्याला पुढचं काही विचारू नका.