बेडूक, चमकी आणि कवळी

आमच्या काळी शाळेतील प्रयोगवही हा विज्ञानापेक्षा वाङ्मयाचाच प्रकार मानला जात असे; कारण उद्देशापासून अनुमानापर्यंतचा सारा मजकूर थोरल्या भावाच्या जीर्ण वहीतून आदल्या रात्रीच नकलून काढलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी लिंबाच्या रसात बुडविलेला निळा लिटमस तांबडा होण्यास खळखळ करू लागला, तर कागद खोटा ठरे, वही नव्हे. या शिस्तीत वाढलेल्या इसमाच्या हाती, नातीला तिच्या अमेरिकेतील मामाने पाठविलेले, जेनी ऑफिल यांचे २०११ सालचे ‘इलेव्हन एक्सपेरिमेंट्स दॅट फेल्ड’ हे चित्रपुस्तक पडावे आणि नात झोपी गेल्यावरही त्याने ते मिटू नये, यात नवल ते काय!

या पुस्तकातील कन्यका हाडाची संशोधक आहे. निव्वळ बर्फ आणि केचप यांवर हिवाळा निभावेल काय, कपडे धुण्याच्या यंत्रात भांडी धुता येतील काय, अंगभर फासलेली चमकी कुत्र्यास रुचेल काय, असले प्रश्न ती काढते; आणि प्रत्येकाचा तर्क, साहित्याची यादी, कृतीचा तपशील व अखेर काय घडले ते, असा रीतसर कागद तयार करते. नॅन्सी कार्पेंटर यांच्या चित्रांत घरभर हलकल्लोळ माजलेला असतो. मजकूर मात्र मामलेदार कचेरीतील पंचनाम्यासारखा निर्विकार राहतो, आणि माझ्या मते पुस्तकाची खरी गंमत या निर्विकारपणातच आहे. शिवाय ही पोर जे झाले तेच लिहिते. नक्कल करावी म्हटले तरी असले प्रयोग असलेली दुसरी वही तिला भूतलावर कोठे मिळणार?

“याला विज्ञान म्हणायचं?” अशी फिर्याद आमच्या सौभाग्यवतींनी दाखल केली, तेव्हा मी आंद्रे गाइम यांचा दाखला पुढे केला. प्रबळ चुंबकीय क्षेत्र पाण्याला किंचित दूर लोटते, एवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी जिवंत बेडूक अधांतरी तरंगत ठेवला. त्यापायी २००० साली थट्टेचे इग नोबेल पटकावले, आणि पुढे ग्रॅफाइटचे पापुद्रे चिकटपट्टीने सोलून काढण्याच्या उद्योगातून जे ग्राफीन हाती आले, त्याकरिता २०१० साली खरेखुरे नोबेलही. हे सर्व शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “त्या बेडकाला कुणी विचारलं होतं का?”

नातीने मात्र हा संवाद भलत्याच गांभीर्याने घेतला असावा. सकाळी न्हाणीघरात एक कागद मिळाला. प्रश्न : आजोबांची कवळी कोकमाच्या आगळात रंगते का? साहित्य : कवळी, आगळ, आजीची चांदीची वाटी. कृती : आजोबा घोरू लागले की सुरू करणे. काय घडले, या रकान्यात ‘छान’ एवढाच शेरा होता.

नेमका त्याच दिवशी निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देण्यास मला जातीने हजर राहावयाचे होते. मी अखेरपर्यंत तोंड मिटून बसलो, एकाही प्रश्नास उत्तर दिले नाही. तेव्हा समोरच्या कारकुनाने माझ्याकडे दोनदा निरखून पाहिले आणि माझ्या हयातीचे प्रकरण अधिक चौकशीसाठी वरिष्ठांकडे रवाना केले.