आबांची कम्प्युटरवाली कवळी

"नळ आले का हो तुमच्याकडं?" वहिनींनी भिंतीपलीकडून हाक मारली, तेव्हाच मी ओळखलं की विषय पाण्याचा नाही. जालन्यात नळ आले की मोटारींच्या आवाजानं अख्खी गल्ली उठते, कुणाला विचारायची गरज पडत नाही. मीही पाइप हौदात सोडला आणि भिंतीला टेकले. भिंत आमची सामाईक आहे, गप्पाही.

"आबांनी काय डोक्यात घेतलंय ठाऊक आहे का? कम्प्युटरची कवळी! परतूरच्या आत्याच्या मालकानं बसवली म्हणे संभाजीनगरला. तोंडात कॅमेरा फिरवला, मापाचा तो लेप नाही की उमासे नाहीत, आणि आठ दिवसांत दात हातात. तवापासून आबा भाकर कुस्करून खायलाच तयार नाहीत. हुरड्याच्या आत मला दात पाहिजेत, म्हणायलेत."

"होतात की. जुन्या पद्धतीत पाच-पाच खेपा व्हायच्या, यात दोन-तीन खेपांतही काम उरकतं. पण नुसत्या कॅमेऱ्यावर? आबांच्या तोंडात एखादा दात उरलाय का?"

"एक होता. पाडव्याला गेला."

"मग अवघड आहे." माझा भाचा दातांचं कॉलेज शिकतोय, त्याच्याकडून मी हे सगळं खोदून खोदून विचारलेलं. सासूबाईंच्या वेळी कामाला आलं, आता गल्लीच्या कामाला येतंय. "दात असले की कॅमेऱ्याला खुणा सापडतात. रिकामी हिरडी गुळगुळीत, वर ओली. खालच्या जबड्यात तर जीभ, गाल, ओठ सगळंच हलतं. म्हणून बरेच डॉक्टर आजही लेपानंच माप घेतात आणि मग त्या मापाचं स्कॅनिंग करतात. आत्याच्या मालकांना नीट विचारा, लेप घेतलाच असेल."

"ते बढाई मारण्यात पहिल्यापासून पुढं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या लग्नात रुखवतसुद्धा स्वतःच आणल्यासारखं दाखवत होते."

रुखवताचा विषय बराच वेळ चालला. तो इथं सांगण्यासारखा नाही.

तेवढ्यात भाऊजी बादली घेऊन आले. ते एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतात, त्यामुळं पुढचं त्यांना माझ्याआधी कळलं. एकदा माप कम्प्युटरमध्ये गेलं की दात पडद्यावर मांडतात, आणि मग दोन वाटा. एका वाटेनं कारखान्यात दाब आणि उष्णता देऊन आधीच पक्की केलेली गुलाबी ॲक्रिलिकची जाड चकती मशीनवर लावतात आणि त्यातून कवळी कोरून काढतात. दुसऱ्या वाटेनं पातळ रेझिनवर प्रकाश टाकत, थरावर थर चढवत ती छापतात.

"म्हणजे एक मिलिंग आणि एक प्रिंटिंग," भाऊजी बादली खाली ठेवत म्हणाले. "मिलिंगवाली घ्यायची मग."

बहुतेक वेळा तेच बरं. जुन्या कवळीत पूड आणि द्रव मळून साच्यात भरायचे, पाण्यात उकळायचे. घट्ट होताना ते थोडं आकसतं, म्हणून कवळी टाळूवर तंतोतंत बसत नाही. चकती आधीच घट्ट झालेली, तिचं आकसायचं राहिलेलं नसतं. आतली छिद्रं कमी, न जुळलेलं रसायनही कमी, त्यामुळं हिरडीला चुरचुर कमी. छापलेली सहसा स्वस्त पडते आणि लवकर होते, पण छापून झाल्यावर ती नीट धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करावी लागते. ते काम कुणी घाईत उरकलं तर कच्चं रेझिन तोंडात राहतं. डॉक्टरांना सरळ विचारावं, कोरलेली देणार की छापलेली, आणि दात वेगळे चिकटवलेले असणार की त्याच तुकड्यातले. चिकटवलेला दात कधी भाकरीबरोबर निघूनही येतो. विचारायला लाजू नये. साडी घेताना आपण पदर उलटा करून बघतोच की.

"पण कम्प्युटरनं केलं म्हणजे चुकी नाही ना राहत?" वहिनींचा खरा प्रश्न हा होता.

राहते. कम्प्युटरला काय कळत नाही, तर आबा तोंड मिटतात तेव्हा खालचा जबडा वरच्याला कुठं टेकतो. ते डॉक्टरच ठरवतात, खुर्चीत ताठ बसवून, हळूहळू तोंड मिटायला लावून. इथं चूक झाली तर जगातलं महागडं मशीनसुद्धा ती चूक अगदी बिनचूक कोरून देतं. जपानी डॉक्टरांनी कम्प्युटरच्या मदतीनं कवळी करून दाखवली ती १९९४ साली, तेव्हापासून मशीनं कितीतरी सुधारली. पण दात नसलेला म्हातारा सांगितल्याबरोबर नीट तोंड मिटत नाही, ही अडचण आहे तिथंच आहे.

म्हणून ट्रायल चुकवायची नाही. कुठं कुठं चाचणीपुरती पांढरी कवळी छापून देतात. ती घालून आबांनी 'सदाशिव' म्हणायचं, 'फणस' म्हणायचं, 'वावर' म्हणायचं. स ला शिट्टी वाजली, फ ला ओठ दाताला नीट लागला नाही, तर तिथंच सांगायचं. आणि ट्रायलला घरातलं कुणीतरी सोबत हवं, एखादा जुना फोटो घेऊन. सासूबाईंच्या वेळी आम्ही कुणी गेलो नाही. कवळी उत्तम बसली, पण दात इतके पांढरे नि सरळ की नातवंडं 'आजी, टीव्हीतली' म्हणत दिवसभर हसायची.

"माप कम्प्युटरात राहतं ना? मोडली, हरवली तर दुसरी मिळते फुकटात?"

"दुसरी बनते, हे खरं. फुकट कोण देतं! फाइल कुठं राहणार, दवाखान्यात की लॅबमध्ये, किती दिवस ठेवणार, आपल्याला मागता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. आणि आणखी एक. फाइलमध्ये हिरडी आजची आहे. दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं, वर्षानुवर्षं. १९७२ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, कवळी घालणाऱ्यांचा, पंचवीस वर्षं मागोवा घेतलेला. त्यात खालचं हाड वरच्यापेक्षा चौपट झिजलेलं दिसलं."

भाचा म्हणतो, लोक बहुतेक भांडतात ते खालच्या कवळीवरून. वरची टाळूला चिकटून राहते, खालची जिभेवर तरंगते. तिला धरायला पुढं हाडात दोन स्क्रू बसवता येतात. ते खर्चाचं काम, आणि आबांची शुगर बघून ठरवायचं. स्क्रू असोत की नसोत, काही वर्षांनी आतून नवं अस्तर लावून घ्यावं लागतं. पाच वर्षांपूर्वीच्या फाइलवरून काढलेली नवी कवळी आजच्या हिरडीवर बसेलच असं नाही.

भाऊजींचा चेहरा जरा उतरला. एकदा पैसे टाकले की सुटलो, असं त्यांच्या मनात असावं.

"टोचली तर मी कानस मारीन, माझ्याकडं बारीक आहे."

"भाऊजी, कानस कंपनीतच राहू द्या!" घरी घासलेली कवळी पुन्हा बसत नाही. टोचलं की डॉक्टरांकडं जायचं, आणि जायच्या आदल्या दिवशी ती घालूनच ठेवायची, म्हणजे हिरडीवर नेमकं कुठं लागतं ते दिसतं. लोक उलट करतात. आठवडाभर काढून ठेवतात, जखम भरून येते आणि मग डॉक्टरांना म्हणतात, इथंच कुठंतरी टोचत होतं. पंधरा दिवसांत न भरलेली जखम मात्र साधी समजू नये. आबा तंबाखू मळतात, तेव्हा पांढरा, लाल चट्टा आहे का, हे दर वर्षी कवळी काढून दाखवायचंच.

खर्चाचं निघालं तसा वहिनींनी आवाज खाली आणला. बाजारात चटई टाकून दात बसवणारा एक जण आहे, तो शंभरात करून देतो म्हणे. मी हात जोडले. दातांचं काम नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच करायचं, असा कायदा १९४८ पासून आहे, आणि असल्या बसवलेल्या दातांखाली हिरडी कशी सडते ते भाच्यानं मला मोबाइलवर दाखवलंय. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पैशांची ओढ असेल तर संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करावी. २०१७ साली सुरू झालेली केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. साठीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना त्यात चष्मा, काठी, कानातलं यंत्र मिळतं, आणि यादीत कवळीही आहे. शिबिर कधी लागतं यावर नजर ठेवावी लागते, एवढंच.

"आणि रात्री?"

"रात्री काढायची. जपानात पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ जणांचा अभ्यास केला, २०१५ साली छापून आला. जे कवळी घालूनच झोपतात त्यांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट. काढून साध्या पाण्यात ठेवायची, कढत नको, वाकडी होते. टूथपेस्ट नको, चरे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण. आणि धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं. निसटली तर पाण्यात पडेल, फरशीवर नाही."

"पाण्याचं घमेलं!" वहिनी हसल्या. "आमच्याकडं पाण्याचे हाल काय, तुम्हाला ठाऊक नाही का?"

"तेच पाणी झाडाला घाला. बरं, आबांनी आधी एकदा कवळी केली होती ना? ती कुठंय?"

"असेल ट्रंकेत. रुमालात गुंडाळलेली."

"फेकू नका. डॉक्टर तिचंही स्कॅनिंग करतात. दात किती लांब होते, ओठ कुठवर भरला होता, ते त्यांना कळतं. कोरडी पडून वाकली असली तरी घेऊन जा. आणि आबांना सांगा, पहिला आठवडा भाकर-ठेचा नाही. मऊ खायचं, दोन्हीकडं चावायचं. हुरड्याला अजून वेळ आहे."

"ते तुम्हीच सांगा. माझं ऐकतात का ते?" वहिनी म्हणाल्या आणि आत तोंड करून ओरडल्या, "आबा, या हो इकडं, भिंतीपाशी! ती ट्रंकेची किल्ली पण आणा!"