नातवाच्या नडगीविषयी सविस्तर निवेदन

ॲम्स्टलवीन, नेदरलँड्स

कारंजा (लाड), जि. वाशिम येथील तीर्थरूपांच्या चरणी ॲम्स्टलवीनच्या कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

किकबॉक्सिंग हा मुष्टियुद्धातले ठोसे आणि कराटे व थाई बॉक्सिंगमधल्या लाथा एकत्र करून १९६०च्या दशकात जपानमध्ये घडवलेला खेळ असून, जपानमध्ये तो शिकून आलेल्या यान प्लास यांनी १९७८ साली ॲम्स्टरडॅममध्ये मेजिरो जिम सुरू केल्यावर तो या देशात असा रुजला, की ठोशांच्या माळेने समोरच्याचे हात वर गुंतवून शेवटी मांडीवर आडवी लाथ हाणण्याची येथील ‘डच पद्धत’ आज जगभर अभ्यासली जाते. आपल्या नातवाने पहिल्याच हौशी लढतीत या पद्धतीचा अभ्यास मांडीच्या बाजूने केला.

दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विसावा, एवढ्यात पोरगं थकतं कसं, ही बाबांची शंका रास्त आहे. तथापि पहिल्या लढतीच्या धास्तीने ॲड्रेनलिन, म्हणजे शरीराला एकदम पेटवणारे संप्रेरक, उसळते, श्वास नकळत रोखला जातो, आणि पहिल्या फेरीतच सारा दम खर्चून बसलेल्या नवशिक्याचे हात दुसऱ्या फेरीत आपोआप खाली येतात. निकालाविषयी पंचांचे एकमत होते. त्या मुद्द्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

लढतीनंतर नातवाचा सारा ओढा मोबाइलवर पाहिलेल्या, गिरकी घेऊन मारायच्या लाथेकडे होता, परंतु प्रशिक्षकांनी ती बासनात बांधून ठोसा मारलेला हात तत्काळ गालापाशी परत आणणे, प्रत्येक ठोशाला श्वास सोडणे आणि ‘चेक’, म्हणजे येणाऱ्या लाथेपुढे गुडघा उचलून मांडीऐवजी नडगी धरणे, एवढाच कंटाळवाणा अभ्यासक्रम लावला, जो कुटुंबाच्या मते योग्यच आहे. परिणामी चिरंजीव एक हात गालावर ठेवून दात घासतात, आणि सूनबाई पोळी वाढायला वाकल्या की चिरंजीवांची नडगी वर येते. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, सध्या हलक्या हाताने चालते, कारण जोरात मार खात राहिल्याने माणूस शिकण्याऐवजी डोळे मिटायला लागतो.

आईंनी सुचवलेला आंबेहळदीचा लेप नियमित लावला जातो. त्या पिवळ्या मांडीकडे पाहून प्रशिक्षकांनी काळजीने डॉक्टरांचा पत्ता दिला, हा भाग वेगळा.

पुढील लढत ६७ किलोंच्या आतील गटात, म्हणजे लढतीपूर्वी काट्यावर उभे करून ठरवल्या जाणाऱ्या वजनगटात, व्हायची असल्याने डिंकाचे लाडू वजन झाल्यानंतर पोहोचतील अशा बेताने धाडावेत, आणि पार्सलवर नाव सूनबाईंचे घालावे, कारण त्या डब्यापुढे नातवाचा कोणताही बचाव टिकत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.